गोल रस्त्याला सुरुवात नसते

मॉरिशस गाडीनं फिरायचं तर अंतराची चिंता नसते. बेट उत्तर-दक्षिण साधारण 65 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 45. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते, त्याच्या जेमतेम तिप्पट. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात अशी चार बेटं सहज मावतील. किनाऱ्याकिनाऱ्यानं पूर्ण फेरी मारली तरी मुंबई ते कोल्हापूरपेक्षा बरंच कमी अंतर होतं. गाडी आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवायची. रस्ते चांगले, पाट्या इंग्रजी-फ्रेंचमध्ये.

मग अडतं कुठे? सुरुवातीवर.

मी, ताई आणि जिजू असे तिघं ऑक्टोबरात चार दिवसांसाठी जाणार आहोत. प्लॅनिंग माझ्याकडे, कारण घरातल्या सगळ्या शीट्स माझ्याकडेच असतात. एका रविवारी बसून ठिकाणं, अंतरं, वेळा, राहण्याच्या जागा असे रकाने भरले. जिजूंनी ‘बीच’ असा वेगळा रकाना मागितला, तोही दिला. आईनं फोनवर सांगितलं, ‘गंगा तलाव चुकवू नका.’ तेही घातलं. सगळं झाल्यावर एक रकाना तेवढा रिकामा राहिला: पहिला थांबा कोणता?

इंजिनिअरिंगला असताना ग्राफ शिकवतात. ठिकाणं म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा. रस्ता फिरून पहिल्या बिंदूला येऊन मिळत असेल, तर त्याला सुरुवात नसते. कुठूनही निघा, एकूण अंतर तेवढंच भरतं, बदलतो फक्त क्रम. पण क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. मॉरिशसचा इतिहास वाचताना लक्षात आलं की इथेही तसंच आहे. हे बेट कुठून बघायला सुरुवात करता, त्यावर तुम्हाला कोणाचं बेट दिसतं ते ठरतं.

पहिली सुरुवात: विमानतळ

सर्वांत सोपी सुरुवात विमानतळापासून. तो आग्नेय कोपऱ्यात आहे. तिथून थोड्याच अंतरावर माएबूर हे गाव आणि व्यू ग्रां पोर, म्हणजे ‘जुनं मोठं बंदर’. 1598 मध्ये डच जहाजं याच बाजूच्या खाडीत शिरली आणि मॉरित्स या आपल्या राजपुत्राचं नाव त्यांनी बेटाला दिलं. त्याआधी इथे कायमची वस्ती नव्हती. माणसंच नव्हती, त्यामुळे ‘मूळ रहिवासी’ हा शब्द इथे कोणालाच लागू होत नाही. हे ध्यानात ठेवायचं, कारण पुढे सगळं भांडण ‘आधी कोण आलं’ यावरच येतं.

डचांनी 1638 मध्ये वस्ती केली. पुढच्याच वर्षी त्यांनी जावाहून ऊस आणला. रानातलं काळंभोर एबनी लाकूड तोडून विकलं. त्या काळात डोडो हा न उडणारा पक्षी कायमचा संपला. मादागास्करहून गुलाम आणले गेले. 1710 मध्ये डच कंटाळून निघून गेले. ऊस मात्र मागे राहिला.

1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेऊन बेटाचं नाव ‘इल द फ्रान्स’ केलं. 1735 पासून माए द ला बूर्दोने या गव्हर्नरानं पोर्ट लुई हे बंदर उभं केलं. मादागास्कर, मोझांबिक आणि इतरही ठिकाणांहून गुलाम येत राहिले. पाँडिचेरीकडून कारागीरही आले. पुढे 1810 च्या ऑगस्टमध्ये ग्रां पोरच्या खाडीत फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली. फ्रेंच जिंकले. पॅरिसच्या आर्क द त्रिऑम्फवर या विजयाचं नाव कोरलेलं आहे. त्या लढाईत जखमी झालेल्या दोन्ही बाजूंच्या सेनानींवर माएबूरच्या एकाच घरात उपचार झाले, आणि ते घर आता राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. त्याच वर्षअखेरीस इंग्रज उत्तरेकडे काप मालेरो इथे उतरले आणि डिसेंबरात त्यांनी बेट घेतलं. तहात फ्रेंच वसाहतवाल्यांना त्यांचे कायदे, भाषा, धर्म आणि मालमत्ता राखू दिली. मालमत्तेत गुलाम आले.

या कोपऱ्यातून निघालं तर सनावळ्या छान जुळतात. नावं मिळतात, झेंडे मिळतात, गव्हर्नर मिळतात. शाळेतल्या पुस्तकासारखं. इथे ज्यांचं नाव माहीत आहे, ते सगळे सत्ताधारी. हे मला पटेना, म्हणून मी शीटमधली ही ओळ खाली सरकवली.

दुसरी सुरुवात: ‘आपली माणसं’

मराठी माणसाला दुसरी सुरुवात आपसूक सुचते: पोर्ट लुईचा आप्रवासी घाट.

2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन इथे पोहोचलं. गुलामगिरी संपत आली होती, ऊस तोडायला हात हवे होते, आणि ‘मोकळे’ मजूर करारावर आणून मळे चालतात का, हे ब्रिटिश सरकारला बघायचं होतं. त्यांनी याला ‘महान प्रयोग’ असंच नाव दिलं. प्रयोग मळेवाल्यांच्या दृष्टीनं यशस्वी झाला. मग तोच नमुना गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी अशा अनेक ठिकाणी वापरला गेला. एकट्या मॉरिशसमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं उतरली. काही परतली, बहुतेक इथेच राहिली.

मधे 1839 मध्ये ही वाहतूक थांबवली होती, कारण फसवून नेल्याच्या तक्रारी फार झाल्या. 1842 च्या कायद्यानं ती पुन्हा सुरू केली आणि कलकत्ता, मद्राससोबत मुंबई बंदरालाही परवानगी मिळाली. बिहार आणि मद्रासच्या मानानं मुंबईहून गेलेले फार थोडे. पण त्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे, बरेच होते. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आमच्या घराण्यातलं कोणी गेल्याचं ऐकिवात नाही, पण शेजारच्या वाडीतलं कोणी गेलं असेल तर ते इथे कोणाला आठवणार? गेलेला माणूस गावच्या लेखी मुंबईला गेलेला. मुंबईला गेलेला परत आला नाही, यात त्या काळी नवल नव्हतं.

घाटावर उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नोंदवहीत क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरच्या खुणा असे रकाने. 1860 च्या दशकापासून फोटोही. या वह्या आज मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. आम्ही डेटाबेस बनवतो तेव्हा पहिला रकाना असाच असतो: पुन्हा कधीही न येणारा एक आकडा, बाकी सगळी माहिती त्याला टांगलेली. नाव चुकलं तरी चालतं, आकडा चुकता कामा नये. इथेही तेच झालं. कारकुनानं ऐकलं तसं नाव लिहिलं, आणि आजोबाचं पाळण्यातलं नाव नातवंडांचं आडनाव होऊन बसलं. पण आकडा अचूक राहिल्यामुळे आज मॉरिशसचा माणूस मोक्याला जाऊन पणजोबांचं गाव शोधू शकतो.

करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये आणि शिधा. कामावर एक दिवस गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला ‘डबल कट’ म्हणत. करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. 1867 च्या कायद्यानंतर पास नसलेला भारतीय म्हणजे भटक्या, आणि भटक्या म्हणजे गुन्हेगार. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय माणसानं 9,401 भारतीयांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. त्यामुळे शाही आयोग बसला आणि त्या आयोगानं हे सगळं लिहून काढलं.

मला आधी वाटलं, झालं, सुरुवात सापडली. ताईलाही पटलं. 2023 च्या एप्रिलमध्ये मॉरिशसच्या महाराष्ट्र भवनात शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा तो व्हिडिओ आमच्या सगळ्या फॅमिली ग्रुपांवर फिरला होता. तिथे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. तिथल्या मराठी मंडळींनी जाखडी टिकवली आहे, शाळांत मराठी शिकवतात, सरकारी कायद्यानं उभी राहिलेली मराठी स्पीकिंग युनियन आहे. दीडशे वर्षांपूर्वी कोकणातून गेलेली माणसं गणपतीत जाखडी नाचतात, हे वाचून कोणाचा ऊर भरून येणार नाही? माझाही आला.

पण शीटमध्ये तारखांचा रकाना होता, आणि तो सरळ लावल्यावर एक गोष्ट दिसली. तिथून पुढे माझा ऊर तितका भरेना.

नोव्हेंबर आणि फेब्रुवारी

‘ॲटलस’ आलं 2 नोव्हेंबर 1834 ला. मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली 1 फेब्रुवारी 1835 ला. मधे फक्त तीन महिने. दोन्ही दिवस आज तिथे सार्वजनिक सुट्टीचे आहेत.

त्या फेब्रुवारीत साधारण 66 हजार माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती. बेटाच्या लोकसंख्येत दर तिघांत जवळपास दोघं. त्यांची सुटका झाली म्हणताना ब्रिटिश संसदेनं भरपाई मंजूर केली. साऱ्या वसाहतींसाठी मिळून दोन कोटी पौंड, त्यांतले 20 लाखांहून अधिक मॉरिशसला. भरपाई मिळाली मालकांना. गुलामांना काहीच नाही. उलट त्यांनी ‘उमेदवारी’ या नावाखाली त्याच मालकांकडे आणखी काही वर्षं सक्तीनं राबायचं, असं ठरलं. ती उमेदवारी 1839 मध्ये संपली, तेव्हा त्यांतले बहुतेक जण मळे सोडून निघून गेले. कोण राहील?

त्यांच्या रिकाम्या झालेल्या झोपड्यांत, त्याच कॅम्पांत, त्याच शेतांवर आपली माणसं आली. त्यांना आणण्याइतका पैसा मालकांच्या हातात होता, कारण गुलामांच्या मोबदल्यात तो नुकताच मिळाला होता. 1861 पर्यंत बेटावर भारतीय निम्म्याहून बरेच जास्त झाले. एका पिढीत एका समाजाच्या जागी दुसरा समाज बसवला गेला.

यात येणाऱ्यांचा दोष नाही. बोटीत चढणाऱ्याला पलीकडे काय आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. पण इतिहास आप्रवासी घाटापासून सुरू केला, तर घाटाच्या पायऱ्या चढणारा माणूस रिकाम्या बेटावर आल्यासारखा दिसतो. जणू उसाचे मळे आपोआप उगवले होते आणि झोपड्या वाट बघत उभ्या होत्या. आपल्या माणसांच्या कष्टांची गोष्ट खरी आहे, पण ती अशी सांगितली की आधीच्या माणसांवर आपोआप पडदा पडतो. तो पडदा मला मुद्दाम कोणी टाकलेला दिसत नाही. सुरुवात चुकीच्या जागी धरली की तो पडतोच.

तिसरी सुरुवात: ल मॉर्न

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला एक प्रचंड कातळ आहे, ल मॉर्न ब्राबां. उंची 556 मीटर. तिन्ही बाजूंना पाणी, कडे जवळपास उभे. फोटोत तो आपल्याकडच्या एखाद्या डोंगरी किल्ल्यासारखा दिसतो, फक्त तटबंदी नसलेला.

मळ्यांवरून पळालेले गुलाम इथे आसरा घेत. पळण्याची किंमत माहीत असूनही. फ्रेंचांच्या गुलामसंहितेत पहिल्यांदा पळाल्यास कान कापून खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पायाची शीर तोडायची, तिसऱ्यांदा मृत्यू, असा क्रम लिहून ठेवलेला होता. क्रम ठरवणं म्हणजे काय, हे त्या कायद्याला चांगलं कळत होतं.

तिथली लोककथा अशी: सुटका झाल्याची बातमी सांगायला शिपायांची तुकडी ल मॉर्नवर चढू लागली. वरच्या माणसांना वाटलं, पकडायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही गोष्ट लोकांच्या तोंडून आलेली आहे. ती अशीच घडली असं मी म्हणत नाही. पण स्वातंत्र्याची बातमी सरकारी माणूस घेऊन येतो आणि त्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही, एवढं तरी तिच्यात खरं असणार. आधीच्या सव्वाशे वर्षांचा अनुभव तसाच होता.

देशाची दोनच ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. आप्रवासी घाट 2006 मध्ये गेला, ल मॉर्न 2008 मध्ये. यादीतही आपण आधी.

ल मॉर्नकडे दक्षिण किनाऱ्यानं जाताना माकोंदे नावाचं एक अरुंद वळण लागतं. बहुतेक प्रवासी व्हिडिओंत ते ‘बेटावरचं सर्वांत सुंदर वळण’ म्हणून येतं. माकोंदे हे पूर्व आफ्रिकेतल्या एका लोकसमूहाचंही नाव आहे. घाटावर उतरलेल्याचं गाव नोंदवहीत सापडतं. इथे, लाटांच्या अंगावर येणाऱ्या या खडकापाशी, एक नाव तेवढं उरलं आहे.

‘उरलेले सर्व’

हे सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं, आता काय त्याचं, असं जिजूंनी विचारलं. रास्त प्रश्न आहे.

मॉरिशसच्या राज्यघटनेत निवडणुकीच्या कामासाठी समाजाचे चार गट मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. चौथ्या गटाची व्याख्या अशी की, जीवनपद्धतीवरून जो पहिल्या तिघांत बसत नाही, तो चौथ्यात. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या अटी तपासून झाल्या की शेवटी ‘एल्स’ लिहितो, तसं. गुलामांचे वंशज क्रिओल आणि त्यांच्या मालकांचे वंशज गोरे फ्रेंच मॉरिशियन, दोघंही या एकाच खोक्यात. मराठी माणूस हिंदू या खोक्यात, पण त्याच्या भाषेला वेगळी संस्था, वेगळा वर्ग, वेगळा तास. ज्याच्या पूर्वजांची भाषा जहाजावरच तुटली, त्याला दाखवायला भाषा नाही, गाव नाही, जिल्हा नाही. गंमत अशी की बेटावरच्या बहुतेक घरांत आज बोलतात ती क्रिओलच. गुलामांच्या तोंडी घडलेली. मराठी घरांतसुद्धा.

जमिनीचंही असंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या, दगडाळ जमिनी तुकडे पाडून विकल्या. पैसा गाठीला असलेल्या भारतीय मजुरांनी त्या घेतल्या, गावं वसवली, पुढे मुलांना शिकवलं. 1968 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा सत्ता मुख्यतः त्यांच्या नातवंडांच्या हाती आली. क्रिओल समाजाचा मोठा भाग जमिनीविना मागे राहिला. 1999 च्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेटावर काही दिवस दंगली उसळल्या. दहा वर्षांनी सत्य आणि न्याय आयोग नेमला गेला. गुलामगिरी आणि करारी मजुरी या दोन्हींचे आजवरचे परिणाम तपासायचे, असं त्याचं काम होतं. दोन्ही एकाच आयोगाकडे, हे मला महत्त्वाचं वाटतं. 2011 च्या अहवालानंतर पोर्ट लुईच्या जुन्या लष्करी इस्पितळात गुलामगिरीचं संग्रहालय उभं राहिलं. आप्रवासी घाटापासून चालत काही मिनिटांवर.

म्हणून ‘आपली माणसं’ म्हणताना मी जरा थबकते. आपण नेहमी कोणीतरी गरीब, फसवला गेलेला, कष्टानं वर आलेला असतो. ते असतोच. पण त्याच वेळी आपण कोणाच्या तरी रिकाम्या केलेल्या झोपडीत राहायला आलेलो असू शकतो, हे दोन्ही एकदम धरून ठेवता आलं पाहिजे. क्रम नीट लावला तर ते थोडं सोपं जातं.

दगड

आता थोडं खोल, जमिनीखाली. कारण या सगळ्या गोष्टीत एक साक्षीदार असा आहे की तो सगळ्यांच्या आधीपासून इथे आहे.

मॉरिशस ज्वालामुखीतून आलं, सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त झोतानं हे बेट वर आणलं, त्यानंच, बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपलं दख्खनचं पठार ओतलं. झोत जागेवरच होता, वरचं कवच सरकत राहिलं. भारत उत्तरेकडे निघून गेला आणि मागे समुद्रात खुणा उमटत गेल्या: लक्षद्वीप-मालदीवची रांग, चागोस, मग मॉरिशस. आज तो झोत शेजारच्या रेयुनियों बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ आणि ल मॉर्नचा काळा कातळ एकाच भट्टीतले. रत्नागिरीहून गेलेला माणूस जांभ्याच्या लाल मातीतून आला असेल, पण घाटावरच्या काळ्या दगडाची त्याला ओळख असणारच.

(या रांगेतल्या चागोसची गोष्ट वेगळी आणि फार जुनी नाही. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी, 1965 मध्ये, ब्रिटननं ती बेटं वेगळी काढली आणि 1973 पर्यंत तिथल्या सगळ्या रहिवाशांना हलवलं. अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. त्यांतले कित्येक जण पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत येऊन पडले. तेही बहुतेक गुलामांचेच वंशज. माणसं हलवून जागा रिकामी करण्याची सवय जुनीच.)

या लाव्हाच्या बेटावर ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला लागतात. जमिनीत बोटभर माती आणि हातभर धोंडे. ते हातांनी उचलून शेताच्या कडेला, कधी मधोमध, रचून ठेवले. आजही तिथल्या उसाच्या रानात काळ्या दगडांच्या मोठाल्या राशी उभ्या आहेत, काही पायऱ्यापायऱ्यांच्या, पिरॅमिडसारख्या दिसणाऱ्या. विमानतळाजवळ प्लेन मान्यांच्या बाजूलाच काही आहेत. इंटरनेटवर कोणी त्यांना प्राचीन संस्कृतीचे अवशेष ठरवून टाकतं. एवढी मोठी रचना मजुरांनी केली, हे पटायला अवघड जात असावं.

त्या राशीतला खालचा थर कोणी रचला आणि वरचा कोणी, हे आज सांगता येणार नाही. गुलामांनी सुरुवात केली, करारी मजुरांनी पुढे चालवलं, नंतर त्यांच्याच मुलांनी विकत घेतलेल्या तुकड्यांतले दगड वेचले. इथे नोंदवही नाही, क्रमांक नाही, चार खोकी नाहीत. पण वरचा दगड खालच्यावर टेकून उभा आहे, एवढं उघड दिसतं. ऑक्टोबर हा तिथे ऊसतोडणीचा काळ. तोडलेल्या रानात या राशी मोकळ्या दिसतील, म्हणून तारीख तीच ठेवली.

शीट

तर शेवटी ठरलं ते असं.

विमानतळावरून निघून दक्षिण किनारा धरायचा. आधी प्लेन मान्यांचे दगड, मग सुयाक, माकोंदेचं वळण आणि संध्याकाळपर्यंत ल मॉर्न. मुक्काम पायथ्याच्या गावात. दुसऱ्या दिवशी पहाटे चढायचं, खाली उतरून गुलामांच्या स्मारकापाशी थांबायचं. मग शामारेलवरून गंगा तलाव. तेही एक जुनं विवरच. 1897 मध्ये त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्नात ते गंगेशी जोडलेलं दिसलं आणि पुढे 1972 मध्ये खरोखर गंगेचं पाणी आणून त्यात ओतलं. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसांनी घर कसं तयार केलं, हे बघायला त्याहून चांगली जागा नाही. आईचाही शब्द राहील. तिथून खाली पश्चिम किनारा, जिजूंचा बीच आणि मुक्काम.

तिसऱ्या दिवशी पोर्ट लुई. आधी गुलामगिरीचं संग्रहालय, नंतर चालत आप्रवासी घाट, याच क्रमानं. घाटाचा फार थोडा भाग उरला आहे. बराचसा नंतरच्या रस्त्याच्या बांधकामात गेला. म्हणजे आपण गाडीनं जिथून सुसाट जाऊ, तिथे कदाचित कोणाच्या तरी नावाचा उच्चार कारकुनानं चुकवला होता. दुपारी बो प्लांला जुन्या साखर कारखान्यातलं संग्रहालय. चौथ्या दिवशी उत्तरेचं काप मालेरो, पूर्व किनारा आणि सर्वांत शेवटी व्यू ग्रां पोर, माएबूर. राज्यकर्त्यांना विमान पकडण्याआधीचा एक तास ठेवला आहे. त्यांची नावं सगळीकडे कोरलेली आहेत, त्यांना घाई चालेल.

ताईनं शीट वाचून लिहिलं, ‘लोक सुट्टीला जातात, तू श्राद्धाला चालल्यासारखी निघालीस.’ मी तिला अंतरांचा रकाना दाखवला. उलट्या क्रमानं गेलो तरी किलोमीटर तेवढेच होतात, पेट्रोलही तेवढंच. बीच एकही कमी झालेला नाही.

ती म्हणाली, ‘मग ठीक आहे, ल मॉर्नला बुकिंग कर.’

नकाशावर हा मार्ग बघितला तर दक्षिणेकडून पश्चिमेला, तिथून उत्तर, मग पूर्व. बेट पूर्णवेळ उजव्या हाताला राहतं. आपल्याकडे याला प्रदक्षिणा म्हणतात.